ढमढेरे सरांचा फिरता खांब

ढमढेरे सरांनी हातात हात घेतला की तो परत मिळायला वेळ लागायचा. हे प्रेम नव्हतं. ते समोरच्याचा पंजा धरून मनगट हलकेच डावीकडे फिरवायचे, मग उजवीकडे, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे. लखनौच्या तेलीबागेतल्या भाजीबाजारात आमची पहिली भेट झाली ती अशीच. मी भेंडी निवडता निवडता फोनवर बायकोशी मराठीत भांडत होतो. शेजारचे धिप्पाड गृहस्थ म्हणाले, "कुठले तुम्ही? मी कराडचा, ढमढेरे." मी जाधव, नाशिकचा, असं म्हणून हात पुढे केला. तो गेलाच.

"प्ले आलाय," ते म्हणाले.

"काय आलाय?"

"प्ले. सैलपणा. सांधा फिरायच्या आधी जरा लटपटतोय. आतून झिजलाय. फार लिहिता का?"

भेंडीवाल्याने तराजू खाली ठेवला आणि आपलाही हात पुढे केला. "साहब, ज़रा हमारा भी देख लीजिए."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारी गुडघेवाल्यांची अशी रांग लागली की तिचं शेपूट रायबरेली रोड ओलांडून कॅन्टोन्मेंटात शिरलं आणि तिथल्या पहारेकऱ्याने तिला सलाम ठोकला. मी अतिशयोक्ती करत नाही. करतो तेव्हा आधी सांगतो.

सर हकीम नव्हते. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी इथल्या एका संस्थेत उसाच्या रोगांवर काम करणारा माणूस, मला फिरणाऱ्या वस्तूंपैकी फक्त रसाचा चरक कळतो. पण त्यांच्या शेजारी राहायला आलो आणि जगात न फिरणारं काही आहे की नाही अशीच शंका यायला लागली. पंख्याखाली बसण्याआधी ते पंखा ऐकायचे. सायकलरिक्षात बसण्याआधी मागचं चाक उचलून गरकन फिरवायचे आणि कान देऊन उभे राहायचे. रिक्षावाला खाली उतरून अदबीने विचारायचा, "बाबूजी, बैठिएगा कि खरीदिएगा?"

हज़रतगंजजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या ओळखीतलं लग्न होतं. नवरा-नवरीला फिरत्या चबुतऱ्यावर उभं केलेलं, खालून धूर, वरून फुलं. वरमालेच्या ऐन वेळी पाहुण्यांमधून सर गायब. शोधतो तर चबुतऱ्याच्या झालरीखालून त्यांचे दोन पाय बाहेर आलेले. आतून आवाज आला, "थांबवू नका! खालची बेअरिंग खलास झालीय. थांबेल तर झटक्यानं थांबेल!" कुणी ऐकलं नाही. चबुतरा थांबला आणि नवरदेव, आता अतिशयोक्ती करतोय, उडून थेट सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. सर सूट झटकत बाहेर आले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "फिरतं कसं ते सगळेच दाखवतात. थांबतं कसं ते दाखवायला सांगा."

हे वाक्य त्यांनी मोटार विकणाऱ्यांना ऐकवलं, नाचणाऱ्या भाच्याला ऐकवलं, भाषण देणाऱ्या आमदारालाही ऐकवलं. मी पुष्कळ हसलो. हसायला सोपं होतं, कारण मला तोवर त्यांच्या गच्चीवर जायला मिळालं नव्हतं. गच्चीवर गेल्यावर कळलं की हा माणूस गंमत म्हणून ऐकत नाही, कासावीस होऊन ऐकतोय.

सरांच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी त्यांच्या हाताखाली एक उपग्रह बनवला होता. चहाच्या डब्याएवढा. नाव गौरैया, म्हणजे आपली चिमणी. मोठ्या अग्निबाणाच्या कोपऱ्यात बसून ती वर गेली, सुटली, आणि सुटतानाच घोटाळा झाला. तिच्या अँटेनाची एक पट्टी पुरती उघडलीच नाही. तिला ऐकू येत होतं, पण अर्ध्या कानानं. घाबरलेल्या पाखरासारखी ती झोपेत गेली. उन्हात असली की एक बारीक 'चिर्र' करायची, म्हणजे मी जिवंत आहे, बस्स. तिला जागं करायला एक लांबलचक संदेश, मध्ये कुठेही न तुटता, तिच्यापर्यंत पोचायला हवा होता. ज्या मोठ्या केंद्रावर मोठी तबकडी होती त्यांनी काही दिवस प्रयत्न केले आणि सोडून दिलं. त्यांच्याकडे मोठमोठ्या उपग्रहांची रीघ होती. प्राचार्यांनी शुभेच्छा दिल्या.

आणि गौरैया खाली येत होती. दर फेरीला थोडी थोडी. हिवाळा संपायच्या आत ती हवेत शिरून जळून जाणार, हे गणित ठरलेलं होतं.

"ती हाक मारतेय, जाधव," सर मला गच्चीवर म्हणाले. "आणि आपल्याला तिच्याकडे नीट बघतासुद्धा येत नाहीये."

बघायचं म्हणजे लांब काटेरी अँटेना तिच्यावर रोखायची आणि ती आकाशातून जाईपर्यंत तिच्याबरोबर वळवत राहायची. हातात धरून त्यांनी आणि निदाने करून पाहिलं होतं. निदा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवणारी, जुन्या लखनौच्या चौक भागातली; सरांची मराठी तिला कळायची, उत्तर हिंदीत यायचं. चिर्र ऐकू आलं, पण संदेश पाठवताना हात थरथरले की तो मध्येच तुटायचा. म्हणून फिरता खांब. आडवा फिरेल, वर-खाली झुकेल आणि सांगितलं तिथेच थांबेल असा. त्यासाठी बेअरिंग हव्या होत्या आणि मोटारी हव्या होत्या, आणि त्या निवडण्यात हा माणूस झिजत चालला होता.

लाटूश रोडवरचे रस्तोगीजी बेअरिंगचे व्यापारी. पानाचा तोबरा आणि तोंडावर अशी तहज़ीब की गिऱ्हाइकाला शिवी द्यायची झाली तर आधी पाणी विचारतील. सर त्यांच्या गादीवर बसून एकेक बेअरिंग बोटावर चढवायचे, कानाजवळ नेऊन फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे. नापास. नापास. नापास.

"हुज़ूर," रस्तोगीजी शेवटी म्हणाले, "ये बेयरिंग है, सितार नहीं."

"बोल रहा है ये. सुनिए."

रस्तोगीजींनी कानाला लावली. "हमें तो कुछ नहीं सुनाई देता."

"आपको आदत पड़ गई है."

ते ऐकून दुकानातले सगळे नोकर हसले. रस्तोगीजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पान थुंकलं, आतल्या खोलीत गेले आणि टेंपोच्या पुढच्या चाकात असतात तसल्या, तिरक्या रोलरच्या दोन बेअरिंग घेऊन आले. एक खांबाच्या वर, एक खाली, तोंडं उलटी. सर बराच वेळ त्या फिरवत बसले. मग मला समजावून सांगायला लागले, कारण समजावलं की त्यांना धीर यायचा. "वजन कुणीही पेलतं हो. अँटेनाचं वजन ते काय! पण ती लांब पसरलेली. वारा आला की खांबाला आडवं पाडायला बघतो. कलंडणं कोण पेलणार, हा प्रश्न आहे."

"आमच्या घरी मीच पेलतो," मी म्हणालो. सर हसले नाहीत. हल्ली ते हसायचे नाहीत.

लखनौत गच्चीवर काहीही उभं केलं की ते माकडांचं होतं. तेव्हा वाऱ्याच्या भाराबरोबर सरांनी हिशेबात माकडभार धरला. किती धरायचा हे कळावं म्हणून त्यांनी गच्चीवर वजनकाटा ठेवला आणि त्याच्यावर भाजलेले चणे. तेलीबागेतल्या टोळीचा म्होरक्या आला. काय तो देह! शेजारचे मिश्राजी त्याला पाहून उभे राहायचे. तो काट्यावर बसला, चणे संपवले, खाली वाकून आकडा पाहिला आणि काटाच उचलून मिश्राजींच्या पाण्याच्या टाकीवर निघून गेला. सरांना आकडा दिसला नाही. माकडाला दिसला असावा, कारण त्या दिवसापासून ते चणे बेताने खायला लागलं.

मी पोट धरून हसत होतो. सर टाकीकडे बघत होते. "हसू नका, जाधव. फेरी चालू असताना हा येऊन बसला तर अँटेना झुकेल. अर्धा संदेश जाईल. अर्धा म्हणजे न गेलेला." आणि खाली जाऊन त्यांनी खांबाचा पाइप आणखी जाड निवडला. सुमनवहिनी मला चहा देताना हळूच म्हणाल्या, "रात्री झोपेत मूठ आवळतात हो हे. घट्ट करत असतात काहीतरी."

उन्हाळ्यात पहिली मोटार लागली. पावलं मोजत फिरणारी. कॉम्प्युटरने इतकी पावलं म्हटलं की तेवढीच चालते, फार शिस्तीची. फक्त तिला कुणी ढकललं तर ते तिला कळत नाही. जागा सुटली तरी तिची मोजणी बिनचूक चालू. आमच्या संस्थेत अशी पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांना वेळेवर बढती मिळते.

फेरीच्या आधी आँधी उठली. ही पिवळी धूळ, समोरची गच्ची दिसेना. वाऱ्याने अँटेनाला एकच रट्टा दिला. मोटारीला पत्ता नाही. धूळ खाली बसली तेव्हा आमची अँटेना संपूर्ण आत्मविश्वासाने एका पाण्याच्या टाकीचा पाठलाग करत होती आणि गौरैया भलतीकडूनच निघून गेली होती.

निदाने कानावरचे हेडफोन काढले. "सर, उसने सुना ही नहीं."

सर जिथे होते तिथेच मातीत खाली बसले. वहिनी वर आल्या. "अहो, चला खाली. डोळ्यांत धूळ जातीय."

"जाऊ दे."

"निदा, तूच सांग गं यांना."

निदाही सरांच्या शेजारी बसली. गौरैयाच्या आत एका पट्टीवर सगळ्या पोरापोरींची नावं कोरलेली होती, त्यात तिचंही होतं.

पुढचे महिने सरांनी मोटारीच्या मागे घालवले. खाली येणारी वस्तू अधिक जोरात धावते, हे मला तेव्हा कळलं. गौरैया आता प्रत्येक फेरीला लवकर यायची आणि लवकर जायची. जितकी मरणाजवळ, तितकी घाईत. सरांची दाढी वाढली. वर्गात शिकवताना ते मध्येच घड्याळ बघायचे आणि पोरं समजून थांबायची.

शेवटी ट्रान्सपोर्टनगरच्या भंगारात त्यांना ट्रकच्या काचा पुसणारी मोटार सापडली. तिच्यातला गिअर मळसूत्री. मोटार खांबाला फिरवू शकते, पण खांब मोटारीला फिरवू शकत नाही. वीज बंद केली की जिथल्या तिथे, मग आँधी येवो नाहीतर म्होरक्या. कोन सांगणारी चकती सरांनी मोटारीवर नाही, थेट खांबावर बसवली, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. मी सगळा भार देऊन खांब ढकलला. हलला नाही. सरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तरतरी दिसली. वहिनी म्हणाल्या, "मला कधी गाडीत बसवलं नाही, पण गाडीचे अवयव बघा घरभर."

एकच अडचण. मोटार ताकदीची पण सावकाश. उपग्रह ऐन डोक्यावरून गेला तर खांबाला तेवढ्या क्षणी अर्धी गिरकी घ्यावी लागते, झटकन. सरांनी दातेरी चाकं बदलली, बेअरिंगचा आवळपणा कणाकणाने कमी केला, वेग मिळवला. आणि मग फेरी निवडली. बरोबर डोक्यावरून, भर उन्हात, जवळून आणि बराच वेळ चालणारी, अशी हिवाळ्याआधी एकच उरली होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी.

"उत्तम," सर म्हणाले. "कॉलेजं बंद, कारखाने बंद. रेडिओला त्रास देणारं काही चालू नसणार. आकाश मोकळं."

लखनौतला मराठी माणूस दिवाळीला लखनौत नसतो. तिकिटं उघडली की तो गावचं तिकीट काढतो. सरांनी इतक्या वर्षांत कराडची दिवाळी चुकवली नव्हती, मी नाशिकची. त्या वर्षी दोघेही थांबलो. वहिनींनी इथेच चकल्या केल्या आणि आम्ही सकाळी गच्चीवर गेलो.

आकाश मोकळं नव्हतं. आकाश दिसतच नव्हतं.

पतंग. अलीगंजपासून तेलीबागेपर्यंत प्रत्येक गच्चीवर माणसं आणि प्रत्येक माणसाच्या बोटातून निघालेला मांजा. इतके पतंग की खाली सावली पडली होती आणि कबुतरं पायी चालली होती. आम्ही बघत राहिलो. आमच्या डोक्यात पतंग म्हणजे संक्रांत.

निदा स्कूटरवरून आली, मांज्यापासून जपायला गळ्याभोवती ओढणीचे वेढे घेतलेली. अँटेनाच्या काट्यांत आधीच दोन कापलेले पतंग अडकले होते. तिने ते पाहिले आणि सरांकडे पाहिलं.

"सर, आज तो जमघट है."

"म्हणजे?"

"पूरा लखनऊ आज पतंग उड़ाता है. आपको नहीं पता? इतने बरस से यहाँ हैं!"

"दिवाली में हम लोग यहाँ होते ही नहीं," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तू बोलली का नाहीस?"

"मुझे लगा आपने सोच रखा होगा. आप तो बंदर तक का हिसाब लगाते हैं!"

मी खाली धावलो. या गच्चीवरून त्या गच्चीवर ओरडत सुटलो. "भाईसाहब, थोड़ी देर रोक लीजिए! ऊपर से सैटेलाइट आने वाला है!" मिश्राजींच्या गच्चीवरून कुणीतरी उत्तर दिलं, "आने दीजिए चचा, पेंच लड़ा लेंगे!" मिश्राजी बिचारे खरंच आपल्या नातेवाइकांना हात जोडत होते, पण एक गच्ची थांबली तर पाठीमागे उरलेलं सगळं शहर होतं.

वेळ झाली. उत्तरेच्या क्षितिजातून चिर्र आलं. सरांनी डोळे मिटून मान हलवली आणि निदाने संदेश सोडला. खांब फिरू लागला. काय फिरत होता! लोण्यातून सुरी जावी तसा. गौरैया चढत होती, अँटेना तिच्या पाठोपाठ चढत होती आणि प्रत्येक वळणाबरोबर आजूबाजूचा मांजा खांबाभोवती वेढे घेत होता. कुणी ओढतंय, कुणी ढील देतंय, गच्च्यांवरून आरोळ्या उठताहेत, आणि काचेची धार घेतलेला तो दोरा खांबावरून सरकत सरकत वरच्या बेअरिंगच्या फटीत शिरतोय. आम्हाला दिसत होतं. फेरी तोडल्याशिवाय हात घालता येत नव्हता.

ती बरोबर डोक्यावर आली. खांबाने गिरकी घ्यायची ती वेळ. मोटार घुरघुरली, तापली आणि थांबली.

"सुमन, विळी!" सर ओरडले.

वहिनींनी विळी आणली. सरांनी तिने दोरे कापले, कापले नाहीत ते हातांनी ओढले. बोटं चिरत होती, रक्त खांबावरून ओघळत होतं. खांब हाताने फिरावा म्हणून मी मोटारीचे बोल्ट सोडले. सरांनी खांबाला मिठी मारली आणि खांद्याने रेटून फिरवायला लागले. निदा रडत रडत कोन सांगत होती, "सर, बाएँ... और... और बाएँ... नीचे..." फिरला. कचकच करत फिरला. संदेशाचा शेवट गेला. पण मधला तुकडा, मोटार थांबली तेव्हाचा, भलत्याच आकाशात गेला होता.

ती जागी झाली असती तर आवाज बदलला असता. आम्ही कान लावून उभे होतो. दक्षिणेला उतरता उतरता तिने एकदा हाक दिली. तीच. चिर्र.

"वो काटा!" मागच्या गच्चीवर कुणीतरी आरोळी मारली आणि ताशे वाजले.

सरांनी त्यानंतर खांब पुरा उकलला. बेअरिंग रॉकेलमध्ये धुतल्या तर तळाशी काचेचा चुरा बसला. रस्तोगीजींनी नव्या पाठवल्या, बरोबर स्वतः आले, जिने चढताना धापा टाकत. फटीवर पत्र्याचा घागरा बसला. थंडी पडली. ग्रीस घट्ट झालं, तेही बदललं. फेऱ्या येत राहिल्या, पण आता सगळ्या क्षितिजालगतच्या, झाडांआडून जाणाऱ्या, आखूड. कधी सुरुवात चुकायची, कधी शेवट. सर प्रत्येक फेरीला वर असत. धुकं असलं तरी, ताप असला तरी. चिर्र बारीक होत गेलं. मग एके दिवशी ऐकूच आलं नाही.

त्याच सुमारास माझी पुण्याला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर दुपारी निरोप घ्यायला गेलो. वहिनींनी वर बोट दाखवलं.

गच्चीवर सर आणि निदा होते. ऊन स्वच्छ. एकही पतंग नाही, वारा नाही, कुठे पानही हलत नव्हतं. फेऱ्यांच्या वेळांच्या तक्त्याप्रमाणे त्या दुपारी एक उंच फेरी होती. तक्ता जुना होता. त्यानंतर ती इतकी खाली आली होती की असली तर कधीची येऊन गेली असेल, आणि नसली तर नसली. निदाने मला डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नका.

खांब फिरायला लागला. मी आजवर पाहिलेल्या फेऱ्यांत अशी फेरी पाहिली नव्हती. आवाज नाही, झटका नाही, थरथर नाही. अँटेना उत्तरेकडून उचलली गेली, चढत गेली, माथ्यावर आली, तिथे तिने अलगद गिरकी घेतली आणि दक्षिणेकडे उतरू लागली. तिच्या टोकाशी रिकामं निळं आकाश होतं. हेडफोनमधून नुसती खरखर बाहेर येत होती, वाळू चाळल्यासारखी. निदाने संदेश पाठवला. अखंड गेला, पहिल्यांदाच.

खरखर.

निदाने हळूच हात स्विचकडे नेला. "सर, बंद कर दूँ?"

सरांनी चिरांच्या व्रणांनी भरलेला पंजा वर केला. हेडफोन दुसऱ्या हाताने कानावर दाबलेला, तोंड दक्षिणेला, रायबरेलीच्या दिशेला.

"थांब," ते म्हणाले. "अजून मावळली नाहीये ती."